डाव्या कोपऱ्यातले गुणा आजोबा

घाटकोपर (पूर्व)
४ ऑगस्ट २०२५

प्रीतम,

‘चिरंजीव’ लिहायला बसले होते, पण हात पुढे जाईना. आशीर्वाद तुझे तू धरून चाल. पाकिटात राखी शोधू नकोस, घातलेली नाही. तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि त्यापुढे सगळं सामसूम. म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागेल.

‘गल्ली धुमशान’ हा गेम तुमच्या बंगळूरच्या कंपनीचा आहे ना? नाही म्हणू नकोस. ‘धुमशान’ हा शब्द तिथे दुसऱ्या कोणाला सुचणार आहे? तो मला कुठे भेटला ते ऐक.

यंदा आम्ही गणपतीला गावी जाणार नाही. का, ते पुढे येईलच. इथे सोसायटीच्या गणपतीत मोठ्या मुलांना संगीत खुर्ची आणि लिंबू-चमच्याचा कंटाळा आलाय. त्यांनी अर्ज दिला की आम्हाला हॉलमधल्या पडद्यावर ‘गल्ली धुमशान’ची स्पर्धा हवी, वय तेरा ते सतरा. अर्जावर पहिली सही तुझ्या भाचीची, प्रांजलची. आमचे अध्यक्ष मार्तंडकाका मारामारीचा गेम म्हटल्यावरच लालबुंद झाले. मग असं ठरलं की तिघांनी तो बघायचा आणि या वयाच्या मुलांना चालेल की नाही ते सांगायचं. तिघं म्हणजे मार्तंडकाका, दुसऱ्या मजल्यावरचे किरीटभाई आणि मी. मी का, तर मी शाळेत शिकवते आणि मुलांना ओरडायचा मला सराव आहे.

काल सोसायटीच्या ऑफिसात टीव्ही लावून प्रांजलने तो आम्हाला दाखवला. सुरुवातीला मला बरा वाटला, खोटं कशाला बोलू. भाजीवाली आक्का वांगी फेकून मारते. पाववाल्याच्या ठोशाने समोरच्याच्या डोक्यावर हे एवढं टेंगूळ येतं, चांदण्या फिरतात, दात टपाटप पडतात आणि लगेच परत जागेवर जाऊन बसतात. रक्ताचा थेंब नाही. फक्त कोणी पडलं की गल्लीतली माणसं खिडक्यांतून खो खो हसतात, ते मला आवडलं नाही. वर्गात एखादं पोर पडतं तेव्हा त्याला फरशीपेक्षा ते हसणंच जास्त लागतं. हे मी दोघांनाही सांगितलं.

मग प्रांजलच्या मैत्रिणीने आपला गडी निवडला. बनियन, खाकी हाफ पँट, एका गुडघ्याला पट्टा, चष्म्याला मागून दोरी. कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून उभा. नाव ‘गुणा आजोबा’.

प्रीतम, कोणाला फसवतोस? आपल्या बाबांचं नाव गुणाजी. ती चष्म्याची दोरी म्हणजे आईच्या जुन्या परकराची नाडी. तिचा हिरवा रंगसुद्धा तू सोडला नाहीस.

पाववाल्याने आजोबांना एक ठेवून दिली. आजोबा उताणे पडले. पडल्या पडल्या जमिनीवर तळहात आपटून म्हणाले, “मुंगी मेली!” आवाज तुझा होता. लहानपणी बाबांची नक्कल करून मार खायचास, तोच आवाज. मार्तंडकाका हसले. मी उठून बाहेर आले.

लाज नाही वाटली तुला? आपण जिन्यावरून गडगडलो, सायकलवरून पडलो की बाबा धावत यायचे, आधी जमिनीला चापट मारायचे आणि म्हणायचे, “मुंगी मेली, मुंगी मेली.” मग आपण रडायचं सोडून मुंगी शोधत बसायचो. ती चापट तू बाजारात मांडलीस?

आता बाबांचं सांगते. मे महिन्यात ते न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हे तुला कळवलं होतं. तू लिहिलंस, “आता कसे आहेत?” मी लिहिलं, “ठीक.” मग एक दिवस ऑनलाइन मागवलेला वॉकर दारात आला. सोबत ना चिठ्ठी, ना फोन. त्या ‘ठीक’चा अर्थ आज ऐक. हाड जुळलंय, चालायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. बाबा उठत नाहीत. पलंगाच्या कडेला बसतात, पाय खाली सोडतात, फरशीकडे बघत राहतात आणि परत आडवे होतात. व्यायाम करून घ्यायला जानकी नावाची मुलगी येते. पडल्या पडल्या जे करायचं ते तिच्या धाकाने करतात, पण उभं राहा म्हटलं की भिंतीकडे तोंड. ज्या माणसाने जन्मभर कबड्डीत भल्याभल्यांना लोळवलं, तो फरशीला घाबरतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळीपर्यंत उभे राहिले नाहीत तर पुढे कधीच उभे राहणार नाहीत. तुझा वॉकर कोपऱ्यात आहे. बाबा त्याला ‘घोडो’ म्हणतात. आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो.

हे गुणा आजोबा गेममध्ये आले कधी, असं मी प्रांजलला विचारलं. “जुलैच्या अपडेटमध्ये,” ती म्हणाली. म्हणजे बाबा पडल्याचं तुला कळल्यानंतर. बाप पडला हे ऐकून तू तिकडे बसून बाप पडतानाचं चित्र काढलंस.

आईच्या वर्षश्राद्धाला बाबा सगळ्या नातेवाइकांत बोलले, “माझो झील मारामारीची चित्रां काढता, लोकांका सांगूक लाज वाटता.” तू भरल्या ताटावरून उठून गेलास. चुकलंच त्यांचं, आणि मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं. पण म्हणून त्याचा सूड असा घ्यायचा? गल्लोगल्लीच्या पोरांकडून त्यांना बडवून घ्यायचं?

मी ‘नापसंत’ सांगणार आहे. बाबांना यातलं काही ठाऊक नाही आणि मी कळू देणार नाही.

मानसी


घाटकोपर
१० ऑगस्ट

प्रीतम,

पत्र पोचलं म्हणायचं. पण उत्तर मला द्यायला तुझी जीभ झडली होती का? ते भाचीच्या फोनवर पाठवलंस. “आईला विचार, शेवटपर्यंत बघितलं का.” बास, एवढंच. पंधरा वर्षांच्या पोरीला पोस्टमन केलंस. आणि ती पोस्टमन मलाच ऐकवते, “आई, मामाचा पॉइंट बरोबर आहे ना यार. तू तर मधूनच उठलीस.”

काल राखी झाली. तुझ्या नावाची आणून ठेवली होती. ती मी घोड्याला बांधली. या घरात तुझ्या वतीने तोच उभा आहे.

आज आम्ही तिघं परत बसलो. मार्तंडकाकांनी सुरुवातीलाच टेबलावर मूठ आपटली. “वडीलधाऱ्या माणसाला बुक्के मारायचे? हे बघून मुलं उद्या घरातल्या म्हाताऱ्यांवर हात टाकतील.” माझंही म्हणणं तेच होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि उगाच राग आला. स्वतःच्या सासऱ्यांशी हा माणूस पार्किंगवरून बोलत नाही.

किरीटभाईंचं मात्र वेगळंच निघालं. ते म्हणाले, “मानसीबेन, मारामारीचा मला वांधा नाय. ते तर कार्टून आहे. पण मुंगी कशाला मारायची? तिने काय केला?”

“अहो किरीटभाई, त्या गेममध्ये मुंगी दिसते तरी का?” मार्तंडकाका म्हणाले.

“दिसत नाय, तेच बोलतो ना मी. आपण बघत नाय, म्हणूनच ती बिचारी मरते.”

आता यांना काय सांगायचं? मी समजावलं की कुठलीच मुंगी मरत नाही, पोराला रडू येऊ नये म्हणून म्हणायची पद्धत आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे मुलाशी खोटा पण बोलायचा?” एकाचे दोन आक्षेप झाले. प्रांजलने टेबलावर डोकं टेकलं. पण माणूस सोन्यासारखा आहे, प्रीतम. बाबा पडल्यापासून रोज सकाळी येऊन त्यांच्या पलंगाशी बसतो आणि पेपर वाचून दाखवतो. ते आजोबा म्हणजे आपले बाबा आणि चित्र तुझं, हे सांगून मी त्यांच्याकडून शब्द घेतला की गेमबद्दल बाबांना काही सांगायचं नाही. त्यांनी लगेच दिला.

मग प्रांजल उठली आणि मार्तंडकाकांना म्हणाली, “काका, आजोबांना मारायला कोणी खेळतच नाही. सगळ्यांना आजोबाच पाहिजे असतात. पहिला नंबर कोणाचा त्याच्यावरून बिल्डिंगमध्ये भांडणं होतात.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे आपण जो घेतो ते आपणच असतो ना, आई. मी खेळते तेव्हा मी आजोबा असते.”

खरं सांगते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटत होतं पोरं त्यांना बडवतात. पोरं तर तेच होऊन खेळतात. बनियन, हाफ पँट, गुडघ्याचा पट्टा, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या जीन्सवाल्यांना तेच व्हायचंय.

तिने माझ्या हातात कंट्रोलर दिला. “शेवटपर्यंत खेळ, आणि मध्ये उठायचं नाही.” मी आजोबा झाले. समोर रिक्षावाला. मला त्या बटणांतलं काही कळत नाही, त्यामुळे आजोबा लगेच आडवे झाले. मी हसण्याची वाट बघत होते. हसणं आलंच नाही. भाजीवाली पडली तेव्हा अख्खी गल्ली हसली होती, पाववाला पडला तेव्हाही. आजोबा पडले आणि सगळ्या खिडक्या गप्प. एक बाई तर हात तोंडावर ठेवून उभी. मग ती चापट, “मुंगी मेली!”, आणि आजोबा हातावर जोर देऊन उठून उभे.

“बाकी कोणी उठत नाही, आई. फक्त आजोबा,” प्रांजल म्हणाली.

किरीटभाईंनी चष्मा पुसला. मला मात्र आधी नव्हता एवढा संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. हे तुझ्या मनात होतं, तर तोंडाने बोलायला काय झालं होतं? मला रडवायचं होतं तर फोन करायचास, स्वस्तात झालं असतं. तिकडे चित्रातला बाप उठवलास. इथल्याला कोणी उठवायचं? राजेश विमानतळावरच्या पाळ्या करून येतो आणि तुझ्या बापाला अंघोळ घालतो. जावई घालतो! तो एक शब्द बोलत नाही. परवा फक्त एवढंच म्हणाला, “तुझा भाऊ चित्र भारी काढतो गं.” मला कुठे तोंड लपवू असं झालं.

माझं मत मी अजून सांगितलेलं नाही. नापसंत म्हणवत नाही आणि पसंत म्हणण्याइतकी मी निवळलेली नाही. प्रांजलने तुला कळवलं असेल की त्यानंतरही मी रोज खेळते. ते परीक्षणासाठी. आणि मी आजोबा घेत नाही, भाजीवाली आक्का घेते. तिच्या वांग्यांना वेग कमी आहे, ते बघ.

मानसी


घाटकोपर
१७ ऑगस्ट

प्रीतम,

बाबांना कळलं.

किरीटभाईंनी आपणहून गेमचं नाव काढलं नाही, तेवढा शब्द पाळला. पण त्यांच्या मनातून ती मुंगी जाईना. आज सकाळी पेपर वाचता वाचता त्यांनी बाबांना सरळ विचारलं, “गुणाजीभाई, तुम्ही मुलांना मुंगी मेली बोलायचे, तेव्हा खरोखर मुंगी असायची काय?” बाबांनी डोळे बारीक केले. “तुमका ह्यां कोणी सांगल्यान?” आता ज्या माणसाला रडत्या पोराशीसुद्धा खोटं बोललेलं चालत नाही, तो काय लपवणार? त्यांनी सगळं सांगून टाकलं. गेम, आजोबा, तू, मी.

मी कांदे-बटाटे घेऊन घरी आले तर प्रांजलला खेळ आणायला सांगणारा बाबांचा आवाज बाहेरूनच ऐकू येत होता. “हाड तो खेळ हय! माका बघूचो आसा!” मेनंतर पहिल्यांदा मी त्यांना एवढ्या जोरात बोलताना ऐकलं. प्रांजल माझ्याकडे बघायला लागली. मी नाही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, “तिका काय इचारतस? बाप माझो की तिचो?” रागात काय बोलले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि दारातच उभी राहिले. वाटलं, आता हे बघतील, कायमचे भिंतीकडे वळतील आणि दिवाळी काही येणार नाही.

प्रांजलने टीव्ही लावला. एक कंट्रोलर आपण घेतला, दुसरा त्यांच्या मांडीवर ठेवला. तिने पाववाला घेतला, त्यांना आजोबा दिले. पडद्याच्या डावीकडे पाववाला आला, उजवीकडे आजोबा.

बाबा बघत राहिले. बनियन बघितलं, दोरी बघितली. मान पुढे काढून इतका वेळ बघत होते की प्रांजलने बटणावरचा हात काढला.

“ह्यो कोण?”

“तुम्हीच ना आजोबा,” प्रांजल हळूच म्हणाली.

“मी?” त्यांनी पडद्यावर बोट रोखलं. “मी ह्यो? ह्यो तर उजव्या कोपऱ्यात उभो आसा!”

मला काही समजेना. ते बोट नाचवत होते. “उजवो पाय फुडे! पट्टो उजव्या गुडघ्याक! माझो गुडघो खंयचो गेलो, डावो! मी जन्मभर डाव्या कोपऱ्यात खेळलंय. गिरणीच्या संघात डावो कोपरो, हय इल्यार मंडळात डावो कोपरो. आणि माझो झील माका उजव्या कोपऱ्यात उभो करता?”

तुला आठवतं ना, आजी जेवताना त्यांचा डावा हात पदराने बांधून ठेवायची? शेवटी ताटावर उजवा आणि बाकी सगळीकडे डावा असा तह झाला, हे ते अजून अभिमानाने सांगतात. कबड्डीत डावा कोपरा धरून पकडी करताना त्या डावरेपणाचं सोनं झालं. पकडीचा विषय निघाला की आई म्हणायची, झालं, आता भात निवणार. त्या माणसाला मारलेलं चाललं, पाडलेलं चाललं. उजव्या कोपऱ्यात उभं केलेलं चाललं नाही.

प्रांजलने समजवायचा प्रयत्न केला. “आजोबा, मामाने बरोबर काढलंय. डावीकडून खेळलं की तुम्ही बरोबर दिसता. उजवीकडे गेलं की गेम सगळ्यांनाच उलटं करतो, आरशासारखं.”

“माका उलटो करता?” बाबा ओरडले. “चेडवा, मी कोणासाठी उलटो झालंय नाय. आवशीन हात बांधल्यान तरी झालंय नाय!”

“अहो पण मशीन करतं ते.”

“मशिनीक ठाऊक नाय. झिलाक ठाऊक होता ना?”

“मग कसं उभं राहायचं असतं?” प्रांजलने विचारलं. तिने मुद्दाम विचारलं असं ती आता म्हणते. माझा विश्वास नाही, तिचा चेहरा माझ्याइतकाच पडला होता.

“असो...” म्हणून बाबांनी बसल्या बसल्या हात पसरले. त्यांचं समाधान होईना. “असो न्हय. पाय दिसाक होयो. तो घोडो हाड हय!”

प्रांजलने टॉवेल फेकले आणि घोडा पुढे ओढला. बाबांनी त्याचे दोन्ही दांडे धरले. माझ्या राखीचा गोंडा त्यांच्या मुठीखाली चिरडला. ते उठले, प्रीतम. शिव्या देत उठले. जानकीला नाही, डॉक्टरांना नाही, तुला देत. गुडघे लटपटत होते, पाठ वाकलेली होती, ती तर कबड्डीतही वाकलेलीच असते. डावा पाय जेमतेम वीतभर पुढे सरकवला आणि घोड्यावरचा डावा हात सोडून त्यांनी तो खाली नेला, समोर चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरायचा असावा तसा.

“ह्यो डावो कोपरो,” ते म्हणाले. “बघलंस? आता सांग तुझ्या मामाक.”

आणि पाय गेले. धप्पकन पलंगावरच बसले, पण असे बसले की पलंग करकरला आणि मी किंचाळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तोच चेहरा, मेमध्ये न्हाणीत होता तो. तीन महिने आम्ही सगळे त्या चेहऱ्याला ‘जपून’, ‘सांभाळून’, ‘हळू’ असंच म्हणत आलो होतो.

प्रांजलने खाली वाकून फरशीला सणसणीत चापट मारली. “मुंगी मेली, आजोबा!”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग फरशीकडे बघितलं. नेहमी बघतात तसं नव्हे, खरंच मुंगी शोधत असल्यासारखं. आणि दम खात खात म्हणाले, “मेली तर मेली. किरीटभाईंका सांगा नको.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदे काढून बसले. डोळ्यांना निमित्त हवं होतं.

पण माझा राग गेला असं समजू नकोस. त्यांना उभं करायला मी काय काय नाही केलं. विनवण्या केल्या, नवस बोलले, जानकीसमोर हात जोडले. आणि उभे राहिले कोणावर? तुझ्यावर चिडून. तू इथे नसताना. याला काय न्याय म्हणायचा?

मानसी

ता. क. रात्री जेवताना त्यांनी आपणहून निकाल दिला. ते कबड्डीचे पंचही होते ना, निकाल दिल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. “मारामारी बरी आसा. रगत नाय, हाड मोडना नाय, पडल्यार उठाक गावता. पोरांका खेळांदे. पण तो उभो चुकीचो आसा.”


घाटकोपर
२२ ऑगस्ट

प्रीतम,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजूनही कोंबडीच्या पायांसारखंच आहे. बाबांसमोर मोठ्याने वाचलं. तू लिहितोस की अशा सगळ्या गेममध्ये एकाच बाजूचं चित्र काढतात आणि दुसऱ्या बाजूसाठी तेच उलटं फिरवतात, कारण काम निम्म्यावर येतं. ते मी दोनदा वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “सगळ्यांचे बापूस डावरे नसतत. तेका सांग, दोन येगळी काढ.”

तू लिहितोस की बाबांच्या उभं राहण्याचा व्हिडिओ पाठव, त्यावरून दुरुस्त करतो. तोही वाचून दाखवला. त्यावर म्हणाले, “फोनार पकड दिसना नाय. डावो कोपरो बघूक माणूस मैदानात येवचो लागता.” आणि भिंतीकडे तोंड केलं. पण ते भिंतीकडे वळणं वेगळं होतं, हे मला कळतं. इतक्या महिन्यांत मला त्यांच्या पाठीच्या सगळ्या तऱ्हा पाठ झाल्या आहेत.

आमचा निकाल लागला. मार्तंडकाका म्हणाले, वडीलधाऱ्यांनी स्वतःच हरकत घेतली नाही तर मी कोण. किरीटभाईंनी होकार दिला, पण एक अट घातली की स्पर्धेच्या आधी त्यांना माइकवरून दोन मिनिटं मुंग्यांबद्दल बोलायला द्यायचं. दिली. मी सांगितलं, तेरा ते सतराच्या मुलांना गेम चालेल. बाकीचे पडल्यावरचं ते हसणं मला अजून खटकतं आणि ते मी सगळ्यांसमोर बोलले. गल्लीला एका माणसासाठी गप्प बसता येतं, तर सगळ्यांसाठी का नाही? हे तुझ्या कंपनीत जाऊन विचार. आणि गुणा आजोबांचं उभं राहणं दुरुस्त झाल्याशिवाय आमच्या हॉलमध्ये त्यांना कोणी घ्यायचं नाही, असंही मी ठरवून टाकलं. पोरं माझ्यावर भयंकर चिडली आहेत. प्रांजलने माझ्याशी बोलणं सोडलंय. आजोबांशिवाय स्पर्धा म्हणजे वाट लागली म्हणते. तेव्हा आता अख्खी बिल्डिंग तुझ्या नावाने खडे फोडतेय, मी एकटी नाही.

बुधवारी चतुर्थी आहे. त्याच्या आधी ये. कागद-पेन्सिल घेऊन ये, नाहीतर ते तुमचं यंत्र घेऊन ये, पण ये. त्यांनी काय बोलावं आणि तू काय ऐकून घ्यावं ते तुमचं तुम्ही बघा. माफी मागायचा त्यांचा स्वभाव नाही आणि ती मिळायची वाट बघणं तुझ्यात भिनलंय. दोघे सारखेच हट्टी. मला तुमच्या मध्ये उभं राहायचा कंटाळा आलाय. ते काम घोडा करेल. ताट वाढते, आणि या वेळी त्यावरून उठलास तर तंगडं धरेन. घोट्याची पकड मलाही येते.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं मला बजावलंय. म्हणून सांगते. जानकी आली की आता ते रोज उभे राहतात. डावा पाय पुढे, डावा हात मोकळा. काल गॅलरीच्या दारापर्यंत गेले. जानकीला म्हणतात, “हललंय तर चितारात येयत.” तू आलास की पहिल्यांदाच उभे राहतोय असं दाखवायचं, असा त्यांचा बेत आहे.

तेव्हा दारात आलास की आश्चर्य वाटल्याचं सोंग कर. चित्रातली माणसं खोटी खोटी पाडतोस आणि उठवतोस, एवढं तुला जमायला हवं.

ताई